बिनशेताची सावड

६ मार्च

डॉक्टर म्हणाले, "तुळशीरामभाऊ, रक्तदाब वाढलाय, ओरडणं कमी करा." मी म्हटलं, ओरडल्याशिवाय आमच्या गावात कुणाला ऐकू येत नाही. मग सूनबाईने, कोमलने, ही डायरी आणून दिली. कुठल्याशा रंगाच्या कंपनीची आहे, भावेशला फुकट मिळालेली. "बाबा, राग आला की बोलू नका, लिहा." बघू. तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर शिफ्टचे अहवाल लिहिले, तेव्हा लिहायची सवय आहे. रागाची तर आहेच.

आजचा राग असा. आमच्या चिंचखारच्या बाहेरच्या बांधाला खांड पडून बरेच पावसाळे झाले. भरतीला खाडी आत येते, ओहोटीला जाते, आणि शेतं मीठ पिऊन पांढरी पडलीत. माझा बाप जिथे राता, म्हणजे तांबडा, भात काढायचा तिथे आता खारफुटीची झुडपं आहेत. सगळं गाव रेशनचा तांदूळ खातं आणि जमिनीला गिऱ्हाईक कधी येतंय याची वाट बघतं. आमचे चिरंजीव भावेश सुकापूरला जमिनीच्या दलालीचं ऑफिस थाटून बसलेत. आज जेवायला आला आणि म्हणतो, "पप्पा, बांधाचा नाद सोडा. मार्केट टॉपला आहे, सगळ्यांची एकत्र डील करून टाकू." मी ओरडणार होतो, पण बायकोने, भामाने, त्याआधीच माझ्या पुढ्यात आणखी भात वाढला. तोंडात घास असला की मला ओरडता येत नाही, हे तिला ठाऊक आहे.

पण मी ठरवलंय. पावसाआधी खांड बुजली तर पावसाचं पाणी मीठ धुऊन नेईल आणि एक तरी पीक येईल. नाही बुजली तर दिवाळीपर्यंत निम्मं गाव सह्या करून मोकळं होईल. सगळ्यांची शेतं एकाच बांधाखाली आहेत. निम्मी गेली तर उरलेल्यांनी बांध कुणाच्या जिवावर राखायचा? यंदा झालं तर झालं.

९ मार्च

गावकीची बैठक झाली, गावदेवीच्या देवळात. बांधाचं काम आमच्याकडे मजुरीने होत नाही, सावडीने होतं. आज मी तुझ्याकडे राबायचं, उद्या तू माझ्याकडे. ज्याचं काम त्याने दुपारी जेवू घालायचं. पैशाचा संबंध नाही. आणि सावड फेडली नाही तर त्या घरची पायरी कुणी चढत नाही, लग्नालाही नाही आणि मयतालाही नाही.

रीत उत्तम आहे, माणसं कुठायत? एकेकाचं नाव घेतलं तर हा तळोज्याला दुसऱ्या पाळीत, तो रोडपालीला टेम्पोवर, बाकीचे देवळातच होते पण मोबाइलमध्ये. म्हातारे आणि बायका धरून जेमतेम पंगतभर हात जमले. आमचे पंच काशिराम पाटील मला म्हणाले, "तुळशीराम, बांद तुज्या तोंडानं बांदायचा असता तं कवाच उबा ऱ्हायला असता." सगळे हसले. मीही हसलो, घरी येऊन गोळी घेतली.

१५ मार्च

भावेशने मला गप्प करायला एक पोकलेन पाठवला. "एक दिवसात काम फत्ते, पप्पा." खाजणात शिरला तो पट्ट्यापर्यंत रुतला. त्याला ओढायला दुसरा मागवला, तो काठावरच वाकडा झाला. भरती आली तेव्हा ड्रायव्हर टपावर बसून घरी फोन करत होता. सगळं गाव बघायला जमलं, बांधावर कधी जमलं नाही तेवढं. भावेश तोंड लपवत होता. मी एक शब्द बोललो नाही. डॉक्टरांना कळवायला हवं.

१९ मार्च

आज मी अशी युक्ती केली की काशिरामनेही पाठ थोपटली.

सकाळी चहा पिताना भामा सहज बोलली, "वाडीवरची मानसं आवंदा घरीच हायत. भट्टी मदीच बंद परली." डोंगराच्या अंगाला आमची कातकरवाडी आहे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि वाडी रिकामी होते. विटा पाडायला जातात ते पार पावसाच्या तोंडावर परततात. यंदा भट्टी बंद पडली, मुकादमाने हात वर केले आणि सगळे हात हलवत घरी आले. भामाचं बोलणं ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

लगेच वाडीवर गेलो. भामाही आली, तिला लाकडं बघायची होती म्हणे. वाडीवर काळूराम हिलमचा शब्द चालतो. चाळिशीचा असेल, बोलतो कमी. त्याने विचारलं, "मजुरी काय देनार?"

"मजुरी नाय," मी म्हटलं. "सावड. गावाच्या रीतीनं, नारळावर हात ठेवून. आमच्यात जशी तशी तुमच्यात."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दुपारचा जेवान?"

"रीतीप्रमानं."

"पोरा-सोरांना?"

मी तोंड उघडायच्या आत भामा मागून म्हणाली, "जो येल त्याला."

नारळ मी जवळच ठेवला होता. त्याने हात ठेवला, मी ठेवला. गावात येऊन सांगितलं तर काशिराम म्हणतो, "अरे पन फेरशील कनच्या शेतात? त्यांना येक वाफा नाय." मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. शेतच नाही, तर फेडायचं काय आणि कुठे? देवळात हशा पिकला. माझ्या डोक्याची तारीफ झाली. भामा तेवढी हसली नाही. तिला विनोद कळत नाहीत, लग्नापासूनचं आहे.

२३ मार्च

काम सुरू झालं. वाडी कामाला चांगली आहे यात वाद नाही. खाडीतला गाळ पाट्यांत भरायचा, हातोहात पुढे द्यायचा, खांडीच्या दोन्ही टोकांकडून भर घालत यायचं. आमच्या लोकांच्या कमरा तासाभरात धरल्या. वाडीतल्या बायका पाट्या देतात आणि वर गप्पाही मारतात.

पण जेवणाचं गणित भलतंच आहे. कामाला दोघं आणि पानावर सहा. तान्हं पोरसुद्धा सकाळपासून बांधावर. म्हाताऱ्या आंधळ्या आजीला पाठुंगळी आणली होती, ती काय गाळ काढणार? मी भामाला म्हटलं, हे लोक कामाला येतात की पंगतीला? ती म्हणाली, "तुमी बांद बगा." आणि शेजारच्या घरून मोठं पातेलं मागवलं. गावातल्या बायकाही आता पाळीने तांदूळ आणतात. बायकांचं आपसात काही ठरलेलं दिसतं, मला कुणी सांगत नाही.

२ एप्रिल

आज काळूरामशेजारी पाटी धरायला होतो. त्याला विचारलं, भट्टीवर बरं की इथे?

म्हणाला, "भट्टीवर पोरांच्या चपला गरमीनं वितलतात. हिकरं चपला नसल्या तरी चालतंय."

त्याने पुढची पाटी माझ्या हातात दिली. पाट्या देत राहिलो. घरी आल्यावर भामाने खांद्याला तेल चोळलं आणि विचारलं, "काय बोल्ला काळूराम?" मी म्हटलं, काही नाही, हवापाणी.

११ एप्रिल

खांड बुजली. आधी ते लिहितो, मग बाकीचं.

अष्टमीच्या आसपास भरती फार चढत नाही, त्याला आम्ही भांगाचं पाणी म्हणतो. तोंड बंद करायचं ते त्या पाण्यातच. आज ओहोटी लागली तसे दोन्ही बाजूंनी सगळे उतरले, आमचे आणि वाडीचे. मधला गाळा अरुंद होत जातो तसं पाणी जोर धरतं. टाकलेली माती डोळ्यांदेखत वाहून जाते, तेव्हा मनात येतं की आपण वेडे आहोत. एकदा अर्धी भर गेली. काशिराम म्हणाला, पुढच्या भांगाला बघू. मी ओरडलो. डॉक्टरांनी माफ करावं, पण आज ओरडणं कामाचं होतं. काळूरामने बांबूचे ताटवे आडवे धरले, त्यामागे दहा-बारा माणसं छातीभर पाण्यात उभी राहिली, आणि त्या माणसांच्या मागे माती पडत गेली. भरती आली ती बांधाला टेकून परत गेली.

काशिरामच्या डोळ्यात पाणी होतं. खाडीचं पाणी उडालं असं तो म्हणाला. मी रडलो, ते मी लपवलं नाही. आता जुनी उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, नीट केली की पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडता येईल.

९ जून

पाऊस लागलाय. शेतांत पाणी साचवतो आणि उघाडीतून सोडतो. मीठ धुतलं जातंय. बोट बुडवून चाखतो रोज, काल थुंकावं लागलं नाही. मी खुशीत होतो.

संध्याकाळी काळूराम अंगणात आला. बस म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, "भाऊ, आमची सावड."

"काय सावडीचं?"

"फेराची हाय ना? लावनीचे दिस आले. गावानं आमच्यात येयाचं."

मी हसून म्हटलं, "अरे, पन तुमचं शेत कुठंय?"

"तोच इचाराला आलो. शेत दावा."

हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं, काढताही येईना. मी म्हटलं, गावकीपुढे ठेवतो. तो बरं म्हणाला आणि गेला. भामा दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती. तिच्या बोटांचं काम थांबलं होतं.

१३ जून

बैठक. एवढी माणसं पाच वर्षांत आली नव्हती. काळूराम आणि वाडीतले चौघे देवळाबाहेर पावसात उभे. आत या म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

काशिराम म्हणाला, "मजुरीचा हिशोब करा, देऊन टाका, विषय मिटवा." काही लोकांनी मान हलवली. गरज सरो, वैद्य मरो.

काळूराम बाहेरूनच बोलला. "मजुरी ठरली नव्हती. मजुरी पायजे असती तं आमी पयल्या दिशीच मांगितली असती. सावड बोल्ला तुमी. नारल कशाला ठेवलाव मंग?"

"पन तुला शेत नाय, त्याला आमी काय करू?" काशिरामने विचारलं.

"त्याला आमी काय करू?" काळूराम म्हणाला. तेच शब्द, आवाज न चढवता.

तेव्हा पायरीवर बसलेल्या बायकांतून भामा उठली. गावकीत बायका बोलत नाहीत असं नाही, विचारलं तर बोलतात. हिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "देवीचा शेत वरच्या अंगाला परून हाय. त्याला मीठबी कमी लागलाय. देवीचा वाटा देवीला, बाकीचा वाडीनं खावा. आनि लावनीला ज्यांच्या बांदावर त्यांनी माती टाकली, त्यांनी जावा." तिच्या मागे सगळ्या बायका उभ्या राहिल्या. काशिरामची बायको दमयंतीसुद्धा. असं एकाच वेळी कसं उभं राहता येतं, मला कळलं नाही.

काशिराम माझ्याकडे वळला. "नारलावर हात तुजा. तूच बोल."

देवीचं शेत कसायला देणं एक वेळ ठीक. पण आगऱ्याने कातकऱ्याच्या शेतात लावणीला वाकायचं? माझ्या आज्याने कधी केलं नाही. पण माझ्या आज्याने सावडही कधी बुडवली नाही. सगळे बघत होते. मी म्हटलं, "फेरू." दुसरं काय म्हणणार? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

१४ जून

भामाशी बोललो नाही दिवसभर. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही. दुपारी जवळ्याची चटणी केली होती, मला आवडते म्हणून. चांगली झाली होती. सांगितलं नाही.

१० जुलै

वाडीचं रोप तयार आहे. परवा लावणी. आज कळलं की काशिरामने शक्कल काढलीय. प्रत्येक घराने आपल्याऐवजी नाक्यावरचा एकेक मजूर पाठवायचा. सावड फिटली आणि पायाला चिखल नाही. लोकांना पटलंय. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

मग काशिराम मला म्हणाला, "तूबी येक पाठव. तुज्या वयाला वाकवनार नाय आता." हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी सावड मी फेडणार, माझ्या कमरेची काळजी माझी मी घेईन. आता जाणं आलं.

१२ जुलै

गेलो. मी, भामा, आणि आमच्या आळीतल्या आठ-दहा बायका. पुरुष मी एकटा. भामा चुलीशी हात द्यायला वाडीवरच थांबली. नाक्यावरचे मजूर आले होते, काळूरामने त्यांना हात जोडून परत पाठवलं. म्हणाला, "तुमच्यात आमी काय फेरनार? तुमी आमचा काय घेतलाव नाय."

पहिली मूठ लावताना गावातलं कोण बघतंय का ते पाहिलं. बांधावर दोन पोरं मोबाइल धरून होती. मी वाकलो. पाण्याखाली चिखल मऊ होता, रोप घुसतं तसं घुसलं. खरं सांगायचं तर तासाभराने मी विसरलोच कुणाच्या शेतात आहे ते. ओळ वाकडी जाते म्हणून काळूरामवर दोनदा ओरडलो आणि त्याने एकदा माझी ओळ उपटून पुन्हा लावली.

दुपारी जेवण. रीतीप्रमाणे शेतवाल्याने घालायचं. पानांवर नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी आणि मुठ्यांचं कालवण. मुठे म्हणजे पावसात शेतात मिळतात ते बारके खेकडे. कालवण असं झणझणीत होतं की मी दोनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा मागितलं. काळूरामची बायको बुधी पातेलं तिरकं करून वाढत होती. पोरं पलीकडे करंजाखाली बसून आमच्याकडे बघत होती. मी म्हटलं, पोरांनाही बसव. ती म्हणाली, "ती जेवली सकालीच." चांगलं आहे म्हटलं आणि आणखी एक भाकरी घेतली.

घरी आल्यावर मी भामाला म्हटलं, बघ, हे लोक उगाच रडतात, घरात खायला आहे की.

भामा पाय धूत होती. म्हणाली, "सकालपासनं मी त्यांच्या दारात व्हते. चूल आपल्यासाठीच पेटली."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "मग तिथंच का नाय सांगितलंस? मी उठलो असतो."

"म्हनूनच नाय सांगितला. भरल्या पानावरनं उटला असता तं काळूरामची मान खाली गेली असती."

डायरी उघडून बसलोय. तिसऱ्यांदा मागितलं होतं मी. मला कुणाचा राग आलाय ते कळतंय, पण कोमलने सांगितलेला उपाय त्यावर चालत नाही.

१३ जुलै

सकाळी तांदळाची गोणी स्कूटरवर टाकून वाडीवर गेलो. काळूरामने पाहिली, म्हणाला, "ही कशाची?" मी म्हटलं, अशीच. म्हणाला, "अशीच काय नको, भाऊ." गोणी परत आणली. उतरवताना भामाने विचारलंही नाही.

पावसाचे हे दोन महिने वाडीत असेच जातात. मजुरी नाही, रानात मिळेल ते. मी इथेच जन्मलो, डोंगर रोज समोर दिसतो, आणि मला हे ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं आणि मी बघितलं नव्हतं. दिवसभर शेतात फिरलो. एवढी भाताची लावणी समोर असताना पोरं उपाशी बसतात, हे माझ्या डोक्यातून जाईना.

१५ जुलै

काशिरामच्या घरी गेलो. सांगितलं, बांध नवा आहे, पावसाळाभर राखण हवी. उघाडी भरतीला लावायची, ओहोटीला उघडायची, खेकड्यांची भोकं बुजवायची. राखणदार वाडीचे ठेवू, आणि राखणदाराच्या घरच्यांचं जेवण गावाच्या पाळीने, बांधावरच शिजवायचं.

काशिराम म्हणाला, "राखन? आपल्यात कवा व्हती राखन?"

"माज्या आज्याच्या वक्ताला व्हती," मी म्हटलं. ठोकून दिलं. आजा वर बसून हसला असेल.

काशिरामला पटेना. तेवढ्यात आतून दमयंती वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "व्हती. माजी सासू सांगायची." त्या खोटं बोलल्या की खरंच होती, आता कोण सांगणार? उद्यापासून चूल पेटणार. पहिली पाळी आमची.

२ ऑगस्ट

बांधावर ताडपत्रीखाली चूल आहे. रोज सकाळी पोरं आधी जेवतात, मग शाळेत जातात. एकीने काल मला "आजा, भात जास्त शिजवलाव" म्हणून टोकलं. भात थोडा गिच्च झाला होता, तिचं बरोबर होतं. आमच्याही घरची दोन-चार पोरं आता तिथेच जेवतात, घरचं जेवण गोड लागत नाही म्हणे. बायकांनी शेजारी भेंडी, दुधी लावलाय. मी सुचवणार होतो, पण लावून झालं होतं.

१३ ऑगस्ट

आज सगळं जाणार होतं.

सकाळपासून मुसळधार आणि दुपारी मोठ्या उधाणाची भरती. पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभर राहिलं. राखणीला बुधी आणि तिची जाऊ होत्या. त्यांनीच हाळी दिली. आतल्या अंगाने बोटभर धार फुटली होती, बघता बघता मनगटाएवढी झाली. मी पोचलो तोवर काशिराम भोकाला पाठ लावून चिखलात बसला होता. सत्तरीचा माणूस, धोतर कमरेला खोचलेलं. "माती आना, माज्या तोंडाला काय बगताव," म्हणाला. काळूराम त्याच्या अंगाला अंग लावून बसला. मग आणखी दोघं बसले. आम्ही मागून माती टाकत होतो, पण सुटी माती राहीना. पोती हवी होती.

भावेशला फोन केला. ओरडलो नाही. फक्त म्हटलं, पोती आण. तो त्याच्या साइटवरून सिमेंटची रिकामी पोती नव्या गाडीत कोंबून आला, बांधापर्यंत गाडी घातली आणि बूट न काढता उतरला. पाणी ओसरेपर्यंत पोती भरत होता. शेवटी म्हणाला, "पप्पा, सीट्सची वाट लागली." मी म्हटलं, धुवून घे. मग थोड्या वेळाने म्हटलं, मी धुतो.

बांध उभा आहे. काशिरामच्या पाठीला वळ आलेत. बुधीने कसलासा पाला वाटून लावला, त्याने लावून घेतला.

२९ ऑक्टोबर

कापणी सुरू. खरं तेच लिहितो. माझं शेत खांडीच्या तोंडाशी होतं, त्यातला निम्मा भाग पिवळा पडून बसला. मीठ एका पावसात जात नाही. काशिरामचं बरं आलं. देवीच्या शेतात लोंब्या वाकल्यात. कुणी पोती विकणार नाही, पण बहुतेक घरांत होळीपर्यंत आपला तांदूळ खातील. मागच्या साली एक दाणा नव्हता. भावेशकडे सह्या करायला आलेले दोघे परत गेले, पुढचं साल बघतो म्हणाले. त्याने हे मला स्वतः सांगितलं. चिडला होता, पण सांगितलं.

कापणीची सावड आता सगळ्यांची एकच आहे. आज माझ्यात वाडी होती. काळूराम पिवळ्या भागात उभा राहून म्हणाला, "फुरच्या साली लागल, भाऊ." मला कुणी धीर दिलेला आवडत नाही. आज चाललं.

१८ नोव्हेंबर

मुकादमाचा ट्रक आला.

सकाळी देवीच्या खळ्यावर वाडीच्या भाताची झोडणी होती, माझी पाळी होती. निघायला उशीर झाला. वाडीच्या रस्त्याला लागलो तर ट्रक उभा. दोन घरांनी आधीच उचल घेतली होती, ती गोधड्या आणि कोंबड्यांसकट चढत होती. त्यातला एक काळूरामचा सख्खा भाऊ. त्यांना अडवायला माझ्याकडे काही नव्हतं. एका शेताच्या भातावर सगळी वाडी वर्षभर निघत नाही, हे मलाही दिसतं. पुढच्या साली खालची पडीक शेतं लावायला घ्यायची, हे आजच काशिरामशी बोलणार आहे. त्याला राग आला तर येऊ दे.

बाकीची घरं चढली नाहीत. मुकादम काळूरामच्या मागे लागला होता. "सगळी घरं आण, तुला जास्त देतो. इथं काय ठेवलंय तुझं?" काळूराम खळ्यावरून तसाच आला होता. हातात पेंढी होती. बुधी दारात उभी होती आणि पोरं तिच्या मागे. त्यांच्या पाठीवर शाळेची दप्तरं होती.

मुकादमाने मला पाहिलं. पांढरे केस, स्कूटर. त्याला वाटलं मालक आला. हात जोडून म्हणाला, "शेठ, तुमीच सांगा याला. तुमचा गडी दिसतोय. सोडाल ना?"

काळूरामने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी वाडीवर नारळ ठेवला होता, तेव्हा पाहिलं होतं तसंच, बराच वेळ.

मी स्कूटर स्टँडला लावली. "माझा गडी नाही तो," मी म्हटलं. "मीच आज त्याच्याकडे कामाला आलोय. त्याला विचारा मला सोडतो का."

मुकादम हसला. मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला.

काळूरामने हातातली पेंढी मला दिली. "उशीर केलाव भाऊ," म्हणाला. "चला, ऊन चरतंय."